नाव खाली लिहिलंय

९ जुलै २००३
आइसलंडच्या एका बंदरातून

ती. मनोरमाताईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलं असशील, तर आधीच सांगून ठेवते, मी माफी मागायला लिहीत नाही. एक बातमी आहे, आणि ती शेजारच्या इग्नेशियसकडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी, एवढंच.

उद्या सकाळी मी जहाजाने ग्रीनलंडला निघते आहे. डेन्मार्कच्या एका संग्रहालयाची मोहीम आहे. अकरा माणसं, त्यांत चित्रकार मी एकटी. सगळ्यांच्या नावांची यादी जेवणघराच्या दाराला लावली आहे. माझ्या नावापुढे नुसतं 'भारत' होतं. मी पेन घेऊन त्यापुढे 'वसई' लिहिलं. कप्तानाने विचारलं, हे काय? म्हटलं, आमचं गाव. समुद्राकाठी आहे, जहाजं आम्हांला नवीन नाहीत.

माझ्या कामाला तू 'खेकड्यांची नोकरी' म्हणायचीस. अठरा वर्षं मुंबईत बसून मी शास्त्रज्ञांसाठी खेकडे, मासे, पक्षी काढले. वसईच्या खाडीतल्या चिखलावर उतरणाऱ्या पक्ष्यांची माझी चित्रं मायकल नावाच्या एका डॅनिश माणसाने पाहिली. तोच या मोहिमेचा प्रमुख. शंभर वर्षांपूर्वी अशाच एका मोहिमेबरोबर एक चित्रकार ग्रीनलंडला गेला होता. तिथल्या हिमनद्या, कडे, माणसं त्याने पेन्सिलीने काढून ठेवली. मायकलला त्याच जागी बसून तीच चित्रं पुन्हा काढून हवी आहेत, म्हणजे शंभर वर्षांत बर्फ किती मागे गेला ते कळेल. फोटो निघतीलच, पण त्या माणसाने काय पाहिलं ते दुसऱ्या चित्रकारालाच कळेल, असं त्याचं म्हणणं. सात जणांचं काम त्याने मागवलं होतं. त्यांतून मला बोलावलं. खेकड्यांनी मला इथवर आणलं, ताई.

आई जाऊन चार वर्षं झाली. ती अखेरच्या घटका मोजत असताना मी उशाशी बसून तिचं चित्र काढत होते. तू ते माझ्या हातातून ओढलंस आणि फाडलंस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "आई जात होती आणि तू पेन्सिलीला टोक काढत होतीस. या घरात परत येऊ नकोस." मी आले नाही. गोखिवऱ्याच्या माझ्या फ्लॅटपासून पापडी ती कितीशी लांब? दोनदा नाक्यापर्यंत आले होते. दोन्ही वेळा केळी घेऊन परत गेले. आपली स्वतःची बाग असताना नाक्यावर केळी विकत घेणारी राऊतांच्या घरातली मी पहिलीच असेन.

मी काही वाईट केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बातमी सांगून झाली. उत्तर लिहायचं असेल तर इथल्या बंदराचा पत्ता मागे आहे. सप्टेंबरात आम्ही इथेच परतू.

लता

२१ जुलै २००३
ग्रीनलंड, नांगरावर

ती. ताईस,

डोंगरांमधून चाळीस-पन्नास मैल आत गेलेली खाडी आहे, तिच्यात आम्ही चार दिवस नांगर टाकून आहोत. हे लोक तिला फियॉर्ड म्हणतात, मी खाडीच म्हणते. उद्या वस्तीवर पोचू, तिथून आठवड्यात एकदा हेलिकॉप्टर टपाल नेतं, म्हणून आज लिहून ठेवते. अक्षर वाकडं आलंय. जहाज हलतंय.

बर्फ पांढरा असतो या समजुतीने मी पांढऱ्या रंगाच्या सहा ट्यूब आणल्या होत्या. एकीचंही बूच उघडलेलं नाही. मिठागरात दुपारी उशिरा मिठाच्या ढिगाच्या सावलीला जो जांभळट निळा असतो, तो इथे मैलोगणती पसरलेला आहे. काही हिमनग काचेच्या बाटलीसारखे हिरवे. गार वारा सुटला की ब्रशमधलं पाणी कागदावरच गोठतं आणि रंगात फुलं उमटतात. जहाजाची स्वयंपाकीण बेटी ग्रीनलंडचीच आहे, इंग्रजी छान बोलते. तिने पहिल्याच दिवशी रंगाच्या पाण्यात चमचाभर ब्रँडी ओतली. आता गोठत नाही. माझ्या चित्रांना दारूचा वास येतो हे इग्नेशियसला सांग, त्याला बरं वाटेल.

आता जे सांगायचं ते सांगते. मायकलच्या माणसांनी जुन्या नोंदी आणि नकाशे जुळवून त्या चित्रकाराची जागा आधीच ठरवली होती. किनाऱ्यावर तिथे लाल निशाणही रोवलं होतं. मी जाऊन बसले, जुनं चित्र गुडघ्यावर ठेवलं आणि पाच मिनिटांत उठले.

"ही ती जागा नाही," मी म्हटलं.

मायकलने कागद दाखवले. अक्षांश, रेखांश, सगळं. मी त्याला चित्र दाखवलं. चित्रात मागच्या दोन सुळक्यांमध्ये फट आहे आणि फटीतून तिसऱ्या डोंगराचं टोक डोकावतं. निशाणापाशी उभं राहिलं तर फट बंद.

तो म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वी एका थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाची रेघ चुकली असेल."

"चुकलेली रेघ मला ओळखता येते. ही समोर बघून काढलेली आहे."

मग मी चित्र हातात धरून किनाऱ्याकिनाऱ्याने चालायला लागले. सगळे माझ्या मागून. एक ओढा ओलांडला, दगडांची एक रास चढून उतरलो. दोन्ही सुळके हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले. चाळीस मिनिटांनी फटीत तिसरं टोक आलं. पण जरा वर आलं. खाली वाकले तर जागेवर बसलं. म्हणजे तो मांडी घालून बसला होता आणि माझ्यापेक्षा ठेंगणा होता. मी मांडी घातली. बेटीने बाजूच्या गवतात पाय फिरवला आणि मायकलला हाक मारली. शेवाळलेले दगड गोल मांडलेले होते, तंबूच्या कडा दाबायला ठेवतात तसे. त्याचा तंबू होता तो.

मायकलने टोपी काढली. एवढंच केलं. 

मी तिथे सात तास बसले. एकेक कडा जुन्या कागदाशी ताडून घेतला, हुबेहूब तोच. हिमनदी मात्र नव्हती. त्याच्या चित्रात तिने अर्धा कागद व्यापलेला आहे. मला तिथे पाणी काढावं लागलं. पाणी काढताना त्या माणसाची कीव आली, का ते सांगता येणार नाही. त्याने इतकं मन लावून भेगा काढल्या होत्या.

परत येताना बोटीतून जहाजावर चढायला जरा गोंधळ झाला, पण विशेष काही नाही. कागद कोरडे राहिले.

तू मला रागाने का होईना, आठवत असशील तर असं आठव: मांडी घालून बसलेली, आणि जागा बरोबर शोधलेली.

लता

४ ऑगस्ट २००३
ग्रीनलंड, वस्तीवरून

ती. ताईस,

चारेकशे माणसांची वस्ती आहे. लाल, निळी, पिवळी लाकडी घरं, एक देऊळ, म्हणजे चर्च, आणि माणसांइतकेच कुत्रे. कुत्री साखळीला असतात. हिवाळ्यात ती बर्फावरच्या गाड्या ओढतात, उन्हाळ्यात ओरडतात.

मला इथल्या माणसांची चित्रं काढायची आहेत. जुन्या चित्रकारानेही काढली होती. पहिल्यांदा समोर बसली ती हेलन. अडुसष्ट वर्षांची. सीलची कातडी कमावते, चंद्रकोरीसारख्या सुरीने चरबी खरवडून काढते. हात बघावेत तिचे. मी सहा दिवस नुसते हातच काढले. तिच्या घरात ती आणि तिचा मुलगा गॅब्रिएल. तो शिकारी आहे, छत्तीस वर्षांचा, लग्न झालेलं नाही. बसायला सांगितलं की वीस मिनिटांत उठतो.

मी सांगितलं, आमच्या पापडीतही एक गॅब्रिएल आहे. त्याने बेटीकरवी विचारलं, "कशाची शिकार करतो?"

"पाव विकतो."

तो खूप वेळ हसला. म्हणाला, "त्याला सांग, हिवाळ्यात इकडे ये. मी पाव विकेन, तो अस्वलाकडे जाईल."

वसईच्या बाजारातून घेतलेली सुकेळी मी बरोबर आणली होती. उन्हात वाळवलेली केळी असं सांगून हेलनला दिली. तिने बराच वेळ चावून पाहिली आणि निकाल दिला, "दात लागतात. म्हणजे खाण्यासारखं आहे."

जुन्या चित्रांचं पुस्तक मी तिला दाखवलं. त्यात एका बाईचं चित्र आहे, फार सुंदर. खाली लिहिलंय, 'एस्किमो स्त्री, वय सुमारे चाळीस.' हेलन त्या चित्राच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजीची आई असेल. नसेलही. नाव विचारलं असतं तर कळलं असतं."

परवा मायकलशी भांडण झालं. त्याने कुठूनतरी सणाचा पोशाख मिळवला. मण्यांची गळपट्टी, सीलच्या कातड्याचे उंच बूट, सगळं. हेलनने तो घालून बसावं असं त्याला वाटत होतं, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी. हेलन माझ्यापुढे बसते ती जांभळ्या नायलॉनच्या जाकिटात. जाकिटाची चेन तुटलेली आहे, तिथे तिने मासे पकडायच्या दोरीने टाके घातले आहेत. हेलन म्हणाली, "तो पोशाख मी नातेवाइकांच्या लग्नात घालते. कातडं खरवडताना नाही."

मायकल मला म्हणाला, "लोकांना नायलॉन बघायचं नसतं, प्रेमलता."

ताई, मला इग्नेशियसची आई आठवली. लाल लुगडं नेसून ती रविवारी चर्चला निघाली होती आणि कुणीतरी फोटो काढला. मग तो एका पुस्तकात आला, खाली 'वसईची कोळीण'. स्वतःच्या मालकीची बाग असलेली बाई, तिला कोळीण केलं. ती आपल्या अंगणात येऊन म्हणाली होती, "फोटू काढला, पन नाव नाय इचारला." तिला राग कोळीण म्हटल्याचा नव्हता, न विचारल्याचा होता. आणि तू त्या रात्रीच प्रकाशकाला पत्र लिहिलंस. पाच पानी. तिचं नाव, तिच्या बागेतली झाडं, तिच्या नवऱ्याचं नाव, सगळं. पुढच्या आवृत्तीत त्यांना ते बदलावं लागलं. मी तेव्हा विशीत होते. तुझ्याविषयी मला इतका अभिमान वाटला होता की मी कॉलेजात ते पत्र पाठ म्हणून दाखवलं होतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी मायकलला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "माझ्या बहिणीने पाच पानं लिहिली होती. मी दोन वाक्यांत सांगते. ती आली तशी मी तिला काढणार, आणि खाली तिचं नाव लिहिणार. नसेल चालत तर पुस्तकावरून माझं नाव काढ आणि मला पुढच्या हेलिकॉप्टरने पाठव."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी येऊन त्याने विचारलं, "तिचं नाव एका 'ल'ने लिहायचं की दोन?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."

लता

१४ ऑगस्ट २००३
ग्रीनलंड, वस्तीवरून

ताई,

गॅब्रिएल गेला.

नऊ तारखेला तो एकटा छोट्या बोटीतून शिकारीला गेला होता. दुपारी वारा फिरला आणि समुद्रातला बर्फ खाडीच्या तोंडाशी येऊन दाटला. वस्तीतल्या सगळ्या बोटी त्याला शोधायला निघाल्या, आमचं जहाजही. अकरा तारखेला बोट उलटी सापडली आणि थोड्या अंतरावर तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलन धक्क्यावर आली. बेटीला म्हणाली, हिला विचार, माझ्या मुलाचं चित्र पुरं करशील का. परवा त्याला पुरायचा आहे.

बेटीने मला सांगितलं. मी म्हटलं, मला नाही जमणार. हेलनने बेटीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून बोलली. बेटीने भाषांतर करून सांगितलं, "ती म्हणते, तू त्याचा डावा कान काढलास. उजवा कोण काढणार?"

मी गेले. त्याला पुढच्या खोलीत ठेवला होता, नवा पांढरा अनोरॅक, त्यांचा टोपीवाला अंगरखा, घालून. मी सवयीने उशाशी स्टूल ओढायला लागले, तशी हेलनने हात आडवा धरला. "इथे मी बसणार. तू तिकडे, खिडकीशी बस. तिथून उजेड बरा आहे." आणि ती त्याच्या डोक्याशी बसली, कपाळावर हात ठेवून.

चार तास लागले. शेजारणी येत होत्या. कॉफी पीत होत्या, माझ्या मागे उभ्या राहून कागदात बघत होत्या. मी काय करते आहे असं कुणीही विचारलं नाही. एक म्हणाली, नाक मोठं हवं. हेलन उठून बघून गेली आणि म्हणाली, हा फार देखणा झालाय, माझा मुलगा इतका देखणा नव्हता, हनुवटीवर कुत्रा चावल्याची खूण आहे ती कुठे? मी खूण काढली. मग तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "हा."

ते चित्र तिच्याकडेच आहे. मायकलने विचारलं, निदान चित्राचा फोटो घेऊ का. म्हटलं, तिला विचार. ती नको म्हणाली. विषय संपला.

माझ्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, आणि ते मी, तू, कुणीच पुन्हा बघणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता तुझ्याशी खरं बोलते. आईपाशी मी बसले होते त्यात धीर वगैरे काही नव्हता. हातात पेन्सिल नसती तर त्या खोलीत मी दहा मिनिटंही थांबले नसते. पेन्सिल धरली की समोरचं माणूस चाललंय हे दिसत नाही, गालफडाखालची सावली दिसते. तेवढ्यावर मी दोन दिवस काढले. दहा वर्षं आईला उठवलं-बसवलं, न्हाऊ घातलं, तिचे वाफारे, तिची औषधं, सगळं तू केलंस. मी रविवारी येऊन जेवून जायचे. आणि शेवटच्या दोन दिवसांत उशाची जागा मी धरली. तू पायाशी होतीस. तू आईच्या पायांना तेल चोळत होतीस आणि तिच्या तोंडात पाणी घालायचं तर तुला माझ्या मांडीवरच्या कागदावरून हात लांब करावा लागत होता. चार वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. हेलनने हात आडवा धरला तेव्हा आलं.

चित्र काढलं ते बरोबर होतं असं मी अजूनही म्हणेन. तुझ्या जागी बसले ते चुकलं. पहिल्या पत्रात माफी मागणार नाही असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडायला आता ते पत्र माझ्याजवळ नाही, तूच खोड.

तुझी लता

७ सप्टेंबर २००३
आइसलंड

ती. ताईस,

बंदरातल्या कचेरीत तुझा एरोग्रॅम ठेवलेला होता. मी तो तिथेच उभ्याउभ्या उघडला.

'नांगर टाकून आहोत असं लिहितेस आणि जहाज हलतंय म्हणून अक्षर बिघडलं असंही लिहितेस. उजव्या हाताला काय झालं ते कळव. बाग ठीक. मनोरमा.'

चार वर्षांनी एवढंच. पण जन्मभर मुलांची अक्षरं तपासलेल्या मास्तरांनाही जे दिसलं नसतं ते तुला दिसलं. पायात खिळा घुसल्याचं मी आईपासून लपवलं होतं तेव्हाही तू माझ्या चपलेवरून ओळखलं होतंस.

तर झालं असं: त्या सात तासांनंतर बोटीतून जहाजाच्या शिडीवर पाय ठेवताना लाट आली आणि उजव्या हाताची तर्जनी बोटीची कड आणि शिडी यांच्यात चेमटली. नख गेलं, पेर फुटलं. बेटीने हाड बसवून पट्टी बांधली आणि मी तिला शपथ घातली की मायकलला सांगायचं नाही. कळलं असतं तर त्याने मला पहिल्या हेलिकॉप्टरने परत पाठवलं असतं. हातमोजा घालून फिरत होते, तिथे सगळेच घालतात, कुणाला कळणार? अंगठा आणि मधलं बोट यांत पेन्सिल धरायला मी दोन दिवसांत शिकले. हेलनचे हात, ती स्वतः, गॅब्रिएल, सगळं तसंच काढलंय. मायकलला शेवटी कळलं तेव्हा तो रागावला. मी चित्रं त्याच्यापुढे मांडली आणि म्हटलं, यातलं कुठलं धड बोटाने काढलंय आणि कुठलं मोडक्या, ते ओळख. त्याने तीन सांगितली. तिन्ही चुकली.

बोट आता वळतं. थोडं आखूड झालंय. काळजी नको.

पुस्तक पुढल्या वर्षी निघेल. मुखपृष्ठावर हेलन आहे, जांभळ्या जाकिटात. संग्रहालयाने मूळ चित्रं सहा महिने मला भारतात न्यायला दिली आहेत. मुंबईतल्या एका दालनाने विचारलं होतं. मी त्यांना थांबवलंय. ती आधी पापडीत लागतील, शाळेच्या हॉलमध्ये, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. इग्नेशियस हॉलचं बघणार आहे. तुला बोलावणं करत नाही, घर तुझं, गाव तुझं, मी कोण बोलावणार? कळवलं आहे.

तुझी लता

३ फेब्रुवारी २००४
पापडी

प्रिय हेलन,

हे पत्र मी आधी माझ्या भाषेत लिहिते आहे, कारण माझी बहीण ते वाचल्याशिवाय टपालात टाकू देणार नाही. मग इंग्रजी करून बेटीला पाठवीन, ती तुमच्या भाषेत करील आणि तुमच्या शाळेच्या मास्तरीणबाई तुम्हांला वाचून दाखवतील. इतक्या तोंडांतून जाऊन जे उरेल ते तुमचं.

पंचवीस जानेवारीला तुम्ही आमच्या गावच्या शाळेत होतात. हॉलच्या समोरच्या भिंतीवर, दारातून आत आलं की सगळ्यांत आधी दिसाल अशा. बाकीच्या भिंतींवर हिमनग, कडे, कुत्री. सकाळी नऊपासून माणसं येत होती. चर्चमधून सुटलेली माणसं आली, बागायतदार आले, वालीवच्या कारखान्यातले कामगार सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन आले. आमचा पाववाला गॅब्रिएलही आला. तुमच्या गॅब्रिएलचा निरोप मी त्याला सांगितला, आणि तो गेल्याचंही.  तो म्हणाला, पुढच्या रविवारी त्याच्या नावाने पाद्रीबाबांना मिस्सेची प्रार्थना करायला सांगतो. परवा ती झाली. तुमच्या मुलाचं नाव आमच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचलं गेलं, हे तुम्हांला कळावं.

साडेदहाला माझी बहीण मनोरमा आली. आमच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं, ते मी तुम्हांला सांगितलं नव्हतं. आईच्या शेवटच्या दिवसांवरून होतं. ती इस्त्रीचं पातळ नेसून आली होती, माझ्याकडे न बघता तिने डाव्या भिंतीपासून सुरुवात केली. एकेक चित्र नीट पाहत होती. हिमनदी नसलेल्या खाडीपुढे थोडी थांबली. मग तुमच्यापुढे आली आणि तिथेच उभी राहिली.

तिच्या शेजारी एक गृहस्थ होते, टायवाले, मुंबईच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले. ते बायकोला समजावून सांगत होते. "ही एस्किमो बाई. बर्फाच्या घरात राहतात हे लोक. वय वगैरे यांनाही माहीत नसतं."

मी पुढे होणार, तेवढ्यात मागे न वळता ताई म्हणाली, "नाव खाली लिहिलंय. वाचा."

ते गडबडले. वाकून वाचायला लागले. ताई म्हणाली, "मोठ्याने वाचा, बायकोलाही कळू दे."  त्यांनी वाचलं: हेलन, वय अडुसष्ट, सीलची कातडी कमावते, शिकारी गॅब्रिएलची आई.

"तुटलेली चेन तिने स्वतः शिवलीय," ताई म्हणाली. "टाके बघा."

ते टाके तिला कुणी दाखवले नव्हते. मी पत्रात लिहिलं होतं, पण चित्रात ते नखाएवढे आहेत. तिने ते शोधले होते. हेलन, त्या भिंतीवर माझी दोन महिन्यांची मेहनत होती, आणि त्या क्षणी मला अभिमान वाटला तो तिचा.

पाच वाजता हॉल रिकामा झाला. इग्नेशियस खुर्च्या उचलत होता. ताई मागे राहिली होती. माझा उजवा हात तिने स्वतःच्या हातात घेतला, बोट उलटसुलट करून पाहिलं आणि सोडला. म्हणाली, "वालाचं बिरडं केलंय. दोघींना पुरेल." म्हणून पत्राच्या वर आता पापडी लिहिलेलं आहे.

जेवताना तिने हिमनग विचारले नाहीत, जहाज विचारलं नाही. तुमच्याविषयी विचारत होती. मी सगळं सांगितलं, त्या चार तासांचंही, कोण कुठे बसलं होतं तेही. ती ऐकत होती. ताटात हात तसाच होता. मग तिने विचारलं, "आता तिच्याकडे कोण असतं? सकाळी उठल्यावर तिला हाक मारायला कुणी आहे का?"

 तुमच्या हातांवरच्या शिरा मी बघितल्याशिवाय काढू शकते, हनुवटीखालचा तीळ कुठे आहे ते डोळे मिटून दाखवीन, आणि हे मी विचारलंच नव्हतं.

ताई म्हणाली, "मग लिही की तिला. विचार."

म्हणून विचारते आहे. तुमच्याकडे आता कोण असतं? सविस्तर कळवा. वाट आम्ही दोघी बघतो आहोत, पण विचारलंय ते माझ्या बहिणीने.

तुमची
प्रेमलता आणि मनोरमा